मुद्रक : विधवा फ्रँकलिन

ग्रंथाचे नामपृष्ठ आपण पाहतो, पण वाचतो क्वचितच. वर ग्रंथनाम, त्याखाली ग्रंथकर्त्याचे नाव, एवढे टिपून नजर पुढच्या पानावर जाते. तळाशी बारीक टायपात छापलेली ओळ, म्हणजे कोणी छापले, कोठे छापले, कोठे विकत मिळेल ही माहिती, सूचीकाराच्या सोयीची आहे, समीक्षकाच्या कामाची नाही, असा एक श्रमविभाग आपण फारशी चर्चा न करता मान्य करून टाकला आहे. प्रस्तुत लेखात मला या तळच्या ओळीविषयी, त्यातही एका विशिष्ट ओळीविषयी लिहावयाचे आहे. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात, उत्तर अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या ब्रिटिश वसाहतीत, न्यूपोर्ट या बंदरात छापल्या गेलेल्या कामांवर ती ओळ आढळते. छापणारी आणि विकणारी म्हणून तेथे निर्देश येतो तो असा : विधवा फ्रँकलिन.

ही ॲन फ्रँकलिन. माहेरची स्मिथ, जन्म बोस्टन येथे, १६९६ मध्ये. १७२३ मध्ये तिचा विवाह बोस्टनमधील मुद्रक जेम्स फ्रँकलिन याच्याशी झाला. जेम्सने १७२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड कुरंट’ हे वृत्तपत्र काढले होते आणि सत्ताधाऱ्यांच्या रोषापायी १७२२ मध्ये तुरुंगवासही भोगला होता. त्याच छापखान्यात त्याचा धाकटा भाऊ उमेदवारी करीत होता. वडील भावाशी पटेना, म्हणून विवाहाच्याच वर्षी तो बोस्टनमधून पळाला. तो भाऊ म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेला बेंजामिन फ्रँकलिन. जेम्स आणि ॲन नंतर न्यूपोर्टला आले आणि १७२७ मध्ये ऱ्होड आयलंडमधला पहिला छापखाना तेथे सुरू झाला. १७३५ च्या फेब्रुवारीत जेम्स वारला. ॲन तेव्हा ३८ वर्षांची होती. मागे लहान मुले होती, एक मुद्रणयंत्र होते, आणि झिजत चाललेले खिळे होते.

‘विडो’ या इंग्रजी शब्दाचे भाषांतर करताना मराठी अभ्यासकाला अडखळण्याचे खरे तर कारण नाही. ‘विडो’ आणि ‘विधवा’ हे दोन्ही शब्द एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेले आहेत. तरीही मी अडखळते. शब्द सख्खे असले तरी त्यांची प्राक्तने निराळी आहेत. आपल्याकडे लग्नपत्रिकेत, निमंत्रणात, बँकेच्या पासबुकावरदेखील पती निवर्तलेल्या स्त्रीच्या नावामागे ‘गं. भा.’ लावण्याची रीत होती. गंगा-भागीरथी हे नामाभिधान आदराचे म्हणून दिले जाई. परंतु त्याचे कार्य आदराचे नव्हते. ‘सौ.’च्या रांगेतून या बाईला बाजूला काढण्याची ती खूण होती. म्हणून ‘विधवा फ्रँकलिन’ असे मी लिहिते तेव्हा मराठी वाचकाच्या कानात एक वजाबाकी ऐकू येते. न्यूपोर्टच्या नामपृष्ठावर तो शब्द वजाबाकी करीत नाही. तो एक अधिकार सांगतो.

हे कसे, ते समजण्यासाठी तेथील कायदा पाहावा लागतो. इंग्रजी कायद्यानुसार विवाहित स्त्रीचे स्वतंत्र व्यक्तित्व पतीच्या व्यक्तित्वात विलीन झालेले मानले जाई. तिला साधारणतः स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, दावा लावता येत नसे, तिची कमाईही पतीची गणली जाई. पतीच्या मृत्यूने हे आवरण गळून पडे. विधवा करार करू शके, कर्ज घेऊ शके, धंदा चालवू शके. युरोपातील मुद्रणव्यवसायात तर ही प्रथा जुनीच होती. फ्रेंच नामपृष्ठांवरील ‘व्हव’, जर्मनमधील ‘व्हिट्वे’, स्पॅनिशमधील ‘विउदा’ हे सारे निर्देश ग्राहकाला एवढेच सांगत, की छापखाना तोच आहे, हात बदलले आहेत, काम थांबलेले नाही. अर्थात या अधिकारातली विसंगतीही नजरेआड करता येत नाही. जेम्सच्या हयातीत ॲनने खिळे जुळविले असतील, प्रुफे तपासली असतील. पण ते हात नामपृष्ठावर येणे शक्य नव्हते. काम आधीपासून होते, नाव मृत्यूनंतर आले. स्त्रीचे नाव छापले जाण्यासाठी आधी एक पुरुष मरावा लागला, हे या ओळीचे मौन आहे.

या ओळीच्या जोडीला आणखी एक संहिता उपलब्ध आहे. १७३६ मध्ये ॲनने वसाहतीच्या विधिमंडळाला एक अर्ज केला. पदरी अनेक लहान मुले आहेत, छापखान्यात पुरेसे काम येत नाही, तरी वसाहतीचे कायदे आणि इतर विधिवत छपाई आपणास द्यावी, कारण निर्वाहाचे दुसरे साधन नाही, असा त्याचा आशय आहे. अशा अर्जांची भाषा ठरीव असते. आर्जव, लेकरांचा हवाला आणि कृपेची याचना ही तिची तीन अंगे. आपल्याकडील दफ्तरांतले अर्ज ज्यांनी चाळले आहेत त्यांना ही वळणे अपरिचित नाहीत. परंतु ठरीव भाषेच्या आत मागणी काय आहे, हे पाहणे महत्त्वाचे. ॲनने भिक्षा मागितली नाही, पेन्शन मागितली नाही, कंत्राट मागितले. करुणेच्या व्याकरणात तिने व्यवसायाचे वाक्य बसविले आहे. अर्ज मंजूर झाला आणि वसाहतीची छपाई तिच्याकडे आली. स्त्रियांच्या लेखनाचा शोध घेताना आपण कविता, आत्मवृत्त, पत्रे यांकडे वळतो. अर्ज हाही एक वाङ्मयप्रकार आहे आणि पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत तो एकमेव आहे, याची नोंद आपल्या समीक्षेने अजून पुरेशी घेतलेली नाही.

सरकारी काम मिळाले तरी छापखान्याचा रोजचा खर्च निघावा लागे तो किरकोळ कामांवर आणि पंचांगावर. ‘आल्मनॅक’ला मी येथे पंचांग म्हणते आहे. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही आपली पाच अंगे तेथे नाहीत. पण वर्षाचे बारा महिने, सूर्योदय-सूर्यास्त, चंद्राच्या कला, ग्रहणे, भरती-ओहोटी, न्यायालये भरण्याचे दिवस, हवामानाचे अंदाज आणि मधल्या मोकळ्या जागेत चार चुरचुरीत वाक्ये असा त्याचा संसार असे. ज्या घरात बायबलव्यतिरिक्त दुसरे छापील पुस्तक नसे तेथेही ते खुंटीला लटकलेले असे. मुद्रकाच्या दृष्टीने ते जोखमीचे आणि फायद्याचे, दोन्ही होते. दरवर्षी नवे लागणार, म्हणून मागणी हमखास. परंतु वर्ष उजाडण्याआधी बाजारात आले पाहिजे. उरलेल्या प्रती जानेवारीनंतर रद्दीच. शिवाय अंकांची कोष्टके, ग्रहराशींची चिन्हे, उभ्या-आडव्या रेघा हे सारे जुळविणे साध्या गद्यापेक्षा कितीतरी किचकट. प्रवचनात एखादा खिळा उलटा पडला तर वाचक समजून घेतो. भरतीच्या वेळेत एक आकडा चुकला तर बंदरातली नाव चुकते.

न्यूपोर्टच्या या पंचांगाची पार्श्वभूमी मोठी मनोरंजक आहे. जेम्सने १७२८ सालापासून ‘पुअर रॉबिन’ या कल्पित नावाने पंचांग काढले होते. हे नावही त्याचे स्वतःचे नव्हे. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून त्या नावाची विनोदी पंचांगे निघत. बेंजामिनचा प्रसिद्ध ‘पुअर रिचर्ड’ हा याच कुळातला धाकटा; तो फिलाडेल्फियात १७३३ सालासाठी प्रथम अवतरला. जेम्सच्या मृत्यूनंतर १७३७ ते १७४१ या वर्षांची ऱ्होड आयलंडची पंचांगे ॲनच्या छापखान्यातून निघाली. त्यांतील काही मजकुराच्या संकलनाचे व लेखनाचे श्रेयही काही अभ्यासक तिलाच देतात. नंतर तिने आपले पंचांग थांबवून दिराचे ‘पुअर रिचर्ड’ विकावयास घेतले.

साहित्याच्या विद्यार्थ्याच्या मनात येथे पहिला प्रश्न उठतो तो लेखकत्वाचा : रॉबिनच्या मुखवट्याआड बोलत कोण होते? जेम्स की ॲन? पदव्युत्तर वर्गात रोलाँ बार्थचा ‘लेखकाचा मृत्यू’ आणि मिशेल फूकोचा ‘लेखक म्हणजे काय?’ हा प्रश्न मी वर्षानुवर्षे शिकवीत आले आहे. १९६७ ते १९६९ या काळातील या मांडण्या आपल्याकडे पोहोचल्या, रुळल्या आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत पाठही झाल्या. मात्र ॲन फ्रँकलिनविषयी वाचताना या सिद्धान्ताचा एक अर्धा कोपरा मला रिकामा दिसू लागला. लेखकाला मृत घोषित करून बार्थ सूत्रे वाचकाच्या हाती देतो. लेखक आणि वाचक यांच्या मध्ये जी माणसे उभी असतात, खिळे उचलणारी, कागद ओला करणारी, ताव वाळत घालणारी, त्यांचा या व्यवहारात उल्लेख नाही. लेखकाला सिंहासनावर बसविणाऱ्या परंपरागत समीक्षेतही तो नव्हता. सिंहासन रिकामे केले म्हणून दरबारातील सेवकांची नावे आपोआप कळत नाहीत.

म्हणून ॲनला ‘लेखिका’ ठरविण्याच्या खटाटोपाविषयी मी थोडी साशंक आहे. पंचांगातली चार वाक्ये तिची निघाली तर ती साहित्याच्या इतिहासात येणार आणि न निघाली तर बाहेर राहणार, असे असेल तर आपण मोजपट्टी बदललेली नाही, केवळ एक नवे नाव जुन्या मोजपट्टीला लावून पाहिले. प्रश्न मोजपट्टीचाच आहे.

तिच्या सर्वात मोठ्या कामाकडे या दृष्टीने पाहावे. १७४५ मध्ये तिने ऱ्होड आयलंड वसाहतीच्या कायद्यांचा संग्रह फोलिओ आकारात छापला; प्रती ५००. पृष्ठे सुमारे ३४०. फोलिओमध्ये एका तावावर चार पृष्ठे बसतात. म्हणजे एका प्रतीला ८५ ताव; ५०० प्रतींना ४२,५०० ताव; आणि प्रत्येक ताव दोन्ही बाजूंनी छापावयाचा, म्हणून तो किमान ८५,००० वेळा यंत्राखाली जाणार. प्रत्येक वेळी खिळ्यांना शाई लावणे, ओलसर कागद बसविणे, दांडा ओढणे, कागद काढणे. हा हिशेब मी वहीच्या समासात मांडला तेव्हा ‘मुद्रित’ या विशेषणाचा अर्थ मला प्रथमच शारीरिक वाटला. एखाद्या वसाहतीचा कायदा ‘प्रसिद्ध झाला’ असे इतिहासाच्या पुस्तकात एका कर्मणी वाक्यात उरकले जाते. त्या कर्मणी प्रयोगाचा लोपलेला कर्ता येथे एक बाई आणि तिच्या घरातली माणसे आहेत.

घरातल्या माणसांविषयीही एक साक्ष आहे. अमेरिकन मुद्रणाचा पहिला मोठा इतिहास लिहिणारा आयझाया थॉमस हा स्वतः मुद्रक होता. १८१० च्या आपल्या ग्रंथात त्याने नोंदविले आहे, की ॲनच्या दोन मुली वडिलांच्या हाताखाली तयार झाल्या होत्या आणि त्या अचूक व चपळ जुळारी होत्या. फ्रँकलिन कुटुंबाशी परिचय असलेल्या एका गृहस्थाने त्यांना छापखान्यात काम करताना अनेकदा पाहिले होते. थॉमस व्यवसायातला असल्यामुळे त्याने वापरलेली विशेषणे व्यवसायातली आहेत. मुलींचे रूप किंवा शील त्याने आधी सांगितले नाही. वेग आणि अचूकता सांगितली. मुद्रकाने मुद्रकाला दिलेला हा मान मला कोणत्याही गौरवग्रंथापेक्षा मोलाचा वाटतो.

याउलट साक्ष घरातल्याच माणसाची आहे. बेंजामिन फ्रँकलिनचे आत्मचरित्र हे या वाङ्मयप्रकारातले अभिजात पुस्तक मानले जाते. त्यात तो सांगतो, की वडील भावाच्या अखेरच्या काळात आपण न्यूपोर्टला गेलो, जुने मतभेद विसरले गेले, भावाने आपल्या पश्चात मुलाला मुद्रणाचे शिक्षण द्यावे अशी विनंती केली, आणि ती आपण पाळली. मुलाला आधी काही वर्षे शाळेत घातले, मग धंद्यात घेतले. तो मोठा होईपर्यंत त्याच्या आईने छापखाना चालविला. मग पुतण्याला आपण नव्या खिळ्यांचा संच दिला, कारण बापाचे खिळे झिजून गेले होते. उमेदवारीची मुदत अर्धवट टाकून आपण भावाचे जे नुकसान केले त्याची अशा रीतीने पुरेपूर भरपाई झाली.

या परिच्छेदाचे व्याकरण तपासण्यासारखे आहे. भाऊ आहे, भावाचा मुलगा आहे, नुकसान आहे, भरपाई आहे. दोन पुरुषांमधील जुने देणे तिसऱ्या पुरुषाच्या हाती फेडले जाते आणि मधल्या साऱ्या वर्षांना एक पोटवाक्य पुरते. त्या पोटवाक्यात ॲनचे नाव येत नाही; ‘त्याची आई’ एवढेच येते. खिळेसुद्धा ‘बापाचे’ आहेत. परंतु ते झिजले कोणाच्या हातून? जेम्स १७३५ मध्ये गेला; मुलगा परत येऊन आईबरोबर काम करू लागला तो १७४८ च्या सुमारास. मधल्या तेरा वर्षांत १७४५ चा कायदेसंग्रह आहे, पाच पंचांगे आहेत, प्रवचने आणि पुस्तिका आहेत, सरकारी कचेऱ्यांचे छापील कोरे नमुने आहेत. त्या खिळ्यांची झीज हेच तिचे आत्मचरित्र आहे आणि दिराने ते वाचलेले नाही, किंवा वाचून बापाच्या नावावर मांडले आहे.

बेंजामिन स्त्रीद्वेष्टा होता असे मात्र म्हणता येणार नाही, म्हणूनच हे उदाहरण बोधक ठरते. त्याच आत्मचरित्रात साउथ कॅरोलायनातील आपल्या भागीदाराच्या विधवेचे तो मनापासून कौतुक करतो. ती हॉलंडमध्ये वाढलेली, तेथे मुलींना हिशेब शिकवितात, म्हणून नवऱ्यापेक्षा तिचे हिशेब चोख येत. मुलींना संगीत-नृत्यापेक्षा हे शिक्षण अधिक उपयोगी, असेही तो सुचवितो. ही एलिझाबेथ टिमथी. पती १७३८ च्या अखेरीस वारल्यावर तिने ‘साउथ कॅरोलायना गॅझेट’ चालू ठेवले. तिचेही नाव बेंजामिन देत नाही. आणि तिच्या वृत्तपत्राच्या तळाशी मुद्रक म्हणून नाव छापले गेले ते तिच्या अल्पवयीन मुलाचे. त्या मानाने न्यूपोर्टची ‘विधवा फ्रँकलिन’ ही ओळ पुष्कळ स्पष्टवक्ती म्हटली पाहिजे.

मुलाच्या नावाने चाललेल्या या वृत्तपत्राविषयी वाचताना मला आमच्या आजीची पिठाची गिरणी आठवली. आजोबा गेले तेव्हा थोरले काका शाळेत होते. गिरणी आजीने चालविली. टाकी लावणे, पट्टा बदलणे, विजेच्या बिलासाठी तालुक्याला खेपा घालणे हे सारे तिचे. पाटीवर मात्र आजोबांचे नाव होते आणि पुढे पावतीपुस्तकावर ‘प्रोप्रायटर’ म्हणून काकांचे आले. आजीला याची खंत होती असे मी म्हणणार नाही. पाटीवर बाईचे नाव पाहून गिऱ्हाईक बिचकेल, उधारी बुडवील, असा तिचा रोखठोक हिशेब होता. निनावीपण नेहमीच लादलेले नसते. कधी ते धंद्याचे धोरण असते. पण धोरण म्हणून पत्करलेले निनावीपण पुढे इतिहासात पुरावा म्हणून वाचले जाते. आज कोणी त्या गावाच्या व्यापाराचा अभ्यास करू म्हणेल तर पाटी आणि पावत्या त्याला दोन पुरुषांची कहाणी सांगतील, आणि दोन्ही कागद खरे असतील. कागद खरा असूनही साक्ष अपुरी असू शकते, हे संशोधनपद्धतीच्या तासाला मी शिकविते ते या गिरणीच्या आधाराने.

मराठी मुद्रणाच्या इतिहासाकडे वळले की हा प्रश्न अधिक टोकदार होतो. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठीतील पहिले छापील पंचांग काढले, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्यांच्या छापखान्याची हकिकत गोविंद नारायण माडगांवकरांच्या १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये आली, म्हणून मुद्रक असूनही त्यांचे नाव टिकले. स्त्रियांच्या वाट्याला असे माडगांवकर क्वचितच आले. ‘दीनबंधु’ हे सत्यशोधक परंपरेतले पत्र १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी सुरू केले. पुढे ते चालविणारे वासुदेवराव बिर्जे निवर्तल्यावर तानुबाई बिर्जे यांनी १९१२ पर्यंत त्याची धुरा वाहिली. न्यूपोर्ट आणि ‘दीनबंधु’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. काळ, धर्म, जात, भाषा सारेच भिन्न. साम्य एवढेच, की दोन्हीकडे पतीच्या मृत्यूने काम बंद पडले नाही, आणि दोन्हीकडे आपण त्या काळाला ‘मधला काळ’ समजतो. एका संपादकाच्या आणि दुसऱ्याच्या मधला. तानुबाईंना ‘पहिल्या स्त्री-संपादक’ म्हणून अलीकडे आदराने स्मरले जाते, हे योग्यच. पण ‘पहिली’ या पदवीने काम उरकल्यासारखे वाटते. ती काय छापीत होती, काय नाकारीत होती, कोणाशी वाद घालीत होती, हे वाचणे पदवी देण्यापेक्षा कष्टाचे आहे.

ॲनच्या बाबतीतही गौरवाला विवेकाची जोड हवी. न्यूपोर्ट हे गुलामांच्या व्यापारात खोलवर गुंतलेले बंदर होते. वसाहतीचे कायदे छापणारा छापखाना त्या व्यवस्थेच्या बाहेर नव्हता. तिच्या भाकरीचा एक भाग त्या बंदराच्या भरभराटीतूनच येत होता. श्रमाचा सन्मान करणे म्हणजे श्रमाच्या फळाला निष्पाप ठरविणे नव्हे. तळच्या ओळीत नाव येणे ही जशी दखल असते तशी ती जबाबदारीही असते. मुद्रकाचे नाव छापणे राज्यकर्त्यांना हवे असे ते याचसाठी, की वेळ पडली तर कोणाला धरावयाचे ते कळावे. जेम्सच्या तुरुंगवासानंतर हे त्या घराला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आपले नाव तळाशी घालताना ॲनने ही जोखीमही घातली.

तिच्या मुलाने, धाकट्या जेम्सने, १७५८ मध्ये ‘न्यूपोर्ट मर्क्युरी’ हे वृत्तपत्र सुरू केले. १७६२ मध्ये तोही वारला. पासष्टी गाठलेली आई पुन्हा छापखान्यात उभी राहिली आणि तिने वृत्तपत्र चालू ठेवले. पुढे जावई सॅम्युएल हॉल भागीदार झाला. १७६३ च्या एप्रिलमध्ये तिचा मृत्यू झाला. पहिल्यांदा ती पतीच्या जागी उभी राहिली होती, दुसऱ्यांदा मुलाच्या. इतिहासकार दोन्ही वेळा तिला ‘जागा भरणारी’ म्हणतील. परंतु १७२७ पासून १७६३ पर्यंतचा हिशेब केला तर पती आणि मुलगा हे येऊन-जाऊन होते. सलग ३६ वर्षे त्या छापखान्याशी बांधलेली व्यक्ती एकच होती.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या मराठी क्रमिक पुस्तकांच्या पुनर्बांधणीत कितीतरी नामपृष्ठे कापली गेलेली मी पाहिली आहेत. बांधणीकाराची पाती समास समान करण्यासाठी चालते आणि बहुधा तळाकडूनच चालते. ज्या प्रतींत ती ओळ शाबूत आहे, तेथे माझ्या विद्यार्थ्यांनी आता टिपणवहीत एक जादा रकाना आखावा, असे मी सांगते : मुद्रक, पत्ता, आणि त्या पत्त्यावर राहणारी इतर माणसे. शेवटचा रकाना पुष्कळदा रिकामा राहतो. तो रिकामा दिसला तरी पाहिजे.